दोन दिव्यांची पैज

त्या घरात टाचण्या टिकत नसत. नवं पाकीट आणून कपाटात ठेवावं, तर बघता बघता टाचण्यांच्या अंगावर तांबूस लव यायची. कात्री उघडताना कुरकुरायची. डब्यांची झाकणं कडेनं खपल्या धरायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी ओढली की हाताला विटकरी रंग लागायचा. शेजारणींच्या घरी यातलं काही नव्हतं. वहिनींनी कितीतरी वर्षं स्वतःलाच बोल लावला: आपलाच हात ओला असेल, आपणच झाकण नीट पुसत नसू. सासूबाईंनीही तोच बोल लावला, फक्त जरा मोठ्या आवाजात.

खरा चोर भिंतीपलीकडे होता.

रस्त्यावर गॅरेज, गॅरेजमागे घर, आणि घराच्या स्वयंपाकघराला पाठ लावून एक पत्र्याची शेड, अशी ती जागा. शेडमध्ये निळं प्लास्टिकचं पिंप आणि पिंपात ऍसिड. जुन्या गाड्यांचे गंजलेले भाग मिस्त्री त्यात बुडवायचे आणि थोड्या वेळानं चिमट्यानं बाहेर काढायचे, तेव्हा ते उघडेनागडे, करड्या रंगाचे निघायचे. पिंपाचं झाकण कधीकाळी वाकडं झालं होतं, ते वाकडंच राहिलं. त्या फटीतून जी वाफ सुटायची ती माणसाच्या डोळ्याला दिसायची नाही, पण घरातलं लोखंड तिला बरोबर दिसायचं.

मिस्त्री म्हणजे वहिनींचे यजमान. लग्न होऊन त्या घरात आल्या त्या आठवड्यात गॅरेजमधल्या वेल्डरनं "वहिनी, पाणी मिळेल का?" अशी हाक मारली, ती गिऱ्हाइकांनी उचलली, मग सगळ्या रस्त्यानं. आता सासूबाईसुद्धा परक्या माणसासमोर "आमच्या वहिनी" म्हणून जायच्या आणि मग जीभ चावायच्या.

वहिनींच्या माहेरी लॉंड्री होती. डाग बघितल्यावर आधी "कशाचा?" हे विचारायचं आणि मगच बाटलीला हात घालायचा, हे त्या परकरात होत्या तेव्हापासून शिकल्या होत्या. शाईचं औषध वेगळं, रक्ताचं वेगळं, ग्रीसचं वेगळं. सगळ्या डागांवर एकच तेज औषध ओतणारा माणूस डागाबरोबर कापडही घालवतो, असं त्यांचे वडील म्हणायचे. मिस्त्रींच्या पिंपाकडे बघितलं की वहिनींना हेच आठवायचं. त्या बोलूनही दाखवायच्या. पण पालथ्या घड्यावर पाणी! "याच पिंपावर घर चाललंय," एवढं एक वाक्य मिस्त्रींनी घोटून ठेवलं होतं.

मग एका सकाळी दूध करपलं.

वहिनी मागच्या दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. मिस्त्री शेगडीपासून हाताच्या अंतरावर बसून पेपर वाचत होते. वहिनी धावत आत आल्या तेव्हा पातेल्याचा तळ काळा झाला होता, घरभर वास भरला होता, आणि मिस्त्री पान उलटत होते.

"अहो! दूध!"

"कुठाय?" मिस्त्री म्हणाले.

त्यावर सासूबाई हसल्या, वहिनी हसल्या नाहीत. त्याच दुपारी जेवून मिस्त्री आडवे झाल्यावर वहिनींनी चिंधीचा एक बोळा रॉकेलमध्ये भिजवला आणि त्यांच्या नाकापासून वीतभर लांब उशीवर ठेवला. घोरण्याचा सूरसुद्धा बदलला नाही. मग त्या मुद्दाम खोकल्या. मिस्त्री जागे झाले, बोळ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "पाणी कशाला सांडलंस इथं?"

वहिनींनी बोळा उचलला. त्या क्षणी त्यांनी मनाशी ठरवलं: पिंप घरातून जाणार. टाचण्या गेल्या, झाकणं गेली, आता या माणसाचं नाक गेलं. यापुढे छातीच उरली होती, आणि मिस्त्रींचा खोकला रोज सकाळी तिची आठवण करून देत होता.

* * *

भांडून हे जमणार नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. पिंपाच्या जागी दुसरं काहीतरी हातात द्यायला हवं होतं. त्यांनी नणंदेला फोन लावला.

वन्सं एका वस्तुसंग्रहालयाच्या कामशाळेत होत्या. समुद्राच्या तळातून काढलेल्या तोफा आणि नांगर साफ करायचं त्यांचं काम. भावाच्या संसारात त्या एरवी तोंड घालत नसत, पण पिंपाचं नाव काढल्यावर फोनमधून असा आवाज आला की वहिनींनी तो कानापासून लांब धरला.

"अजून आहे ते? वहिनी, दादाला माझ्याकडून सांगा, तोफेला जे आम्ही करत नाही ते हा गाडीच्या पत्र्याला करतो!"

"तुम्हीच सांगा हो. माझं ऐकतात कुठं? तोफेला करता काय तुम्ही?"

वन्संनी सांगितलं. प्लास्टिकचा टब, पाणी, पाण्यात धुण्याचा सोडा. गंजलेली वस्तू टबात मधोमध टांगायची आणि तिला बॅटरी चार्जरचा काळा चिमटा लावायचा. लाल चिमटा लावायचा लोखंडाच्या टाकाऊ सळ्यांना, आणि त्या सळ्या वस्तूभोवती उभ्या करायच्या, तिला चिकटू न देता. वीज सोडली की बुडबुडे येतात, गंज सुटतो आणि खालचं चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं. सगळं उघड्यावर करायचं, कारण ते बुडबुडे पेट घेतात. चिमट्यांना हात लावायच्या आधी बटण बंद. हातमोजे, चष्मा.

"आणि ऍल्युमिनिअम चुकूनसुद्धा घालू नका," वन्सं म्हणाल्या. "सोडा ते खाऊन टाकतो."

धुण्याचा सोडा! वहिनींना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पहिला प्रयोग त्यांनी भंगारातल्या एका बोल्टवर केला आणि चिमटे उलटे लावले. संध्याकाळी बोल्ट निम्मा उरला होता आणि सळी मात्र नव्या नवरीसारखी लखलखत होती. वेल्डरनं हे बघितलं आणि गॅरेजभर केलं. "मिस्त्री, वहिनींनी बोल्टाला शॉक देऊन मारला!" वहिनी म्हणाल्या, "बोल्ट मेला, पण मला शिकवून गेला. तू इतकी वर्षं आहेस, तू कोणाला काय शिकवलंस?" दुसऱ्या बोल्टचे आटे मोजता येतील इतके स्वच्छ निघाले.

* * *

बेकरीवाला आला तो याच सुमाराला. जाडजूड माणूस, भुवयांवर कायम पिठाची भुकटी. त्याच्या वडिलांची पाव पोहोचवायची जुनी गाडी गोदामात पडून होती. बेकरीचं नवं दुकान उघडायचं ठरलं होतं आणि त्या दिवशी ती गाडी दारात उभी हवी होती. इंजीन मिस्त्रींनी आधीच जागं केलं होतं. अडलं होतं ते पुढच्या दोन दिव्यांपाशी. दिवा ज्यात बसतो ती पत्र्याची खोलगट वाटी, डावी आणि उजवी. दोन्ही गंजून खवल्यांनी भरलेल्या, आणि तशी वाटी आता बाजारात कुठंच मिळत नव्हती.

"पत्रा पातळ आहे, मिस्त्री. जपून," बेकरीवाला म्हणाला.

"पिंपात एक डुबकी. दुपारी घेऊन जा," मिस्त्री म्हणाले.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवले आणि दोन्हींतली एक वाटी उचलली.

"दोन आहेत ना? एक तुमच्या पिंपात, एक माझ्या टबात. ज्याची चांगली निघेल त्याचं खरं."

"आणि खरं ठरल्यावर काय?"

"माझी चांगली निघाली तर पिंप घराबाहेर. कायमचं."

वेल्डरनं मशीन बंद केलं, ऐकायला बरं म्हणून.

"आणि माझी निघाली तर?" मिस्त्रींनी विचारलं.

"तर मरेपर्यंत मी पिंपाचं नाव काढणार नाही."

मिस्त्रींनी वेल्डरकडे बघितलं. पुढच्या सगळ्या वर्षांची शांतता एका वाटीत मिळत होती. असा सौदा कोण सोडतो? "बेकरीवाले, तुम्ही पंच," ते म्हणाले. बेकरीवाला कप हातात धरून कधी नवऱ्याकडे, कधी बायकोकडे बघत राहिला. "माझ्या वाट्या आहेत हो त्या," एवढंच तो क्षीणपणे म्हणाला.

* * *

सासूबाईंनी चारचौघांत जाहीर केलं की जिंकणार त्यांचा लेकच. "माझ्या लेकाच्या हाताला यश आहे. ही टबात काय पापड तळतेय देव जाणे." पण दिवसातून चारदा काहीतरी निमित्त काढून त्या मागच्या अंगणात टबापाशी यायच्या. त्यांची माहेरून आणलेली पत्र्याची पेटी त्या वाफेनं कधीच खाल्ली होती, आणि ते त्या विसरल्या नव्हत्या.

टबाचं काम संथ चाललं. वाटी मधोमध तारेनं टांगलेली, भोवती सळ्या, पाण्यावर तपकिरी फेस. वाटीची बाहेरची बाजू सुटत चालली, पण आतली जशीच्या तशी. वहिनींनी विचार केला, वन्संना फोन केला आणि मग कळलं, सळीच्या समोर जे येतं तेच साफ होतं. त्यांनी एक सळी वाकवून वाटीच्या पोटात सोडली, कुठंही न टेकता. दर थोड्या वेळानं बटण बंद करून सळ्या खरवडायच्या, कारण त्यांच्यावर चिखलासारखा थर चढायचा आणि बुडबुडे मंदावायचे. वेल्डर सिगारेट घेऊन बघायला आला, तेव्हा त्यांनी त्याला खराट्यानं हाकललं.

"वहिनी, पैज हराल म्हणून पंचाईत झालीय, माझ्यावर का राग?"

"तुझ्या भुवया जळाल्या तर तुला पोरगी कोण देईल? आधीच कोणी देत नाहीये."

वहिनी बाजारात गेल्या होत्या, तेवढ्यात सासूबाईंना टबाची दया आली. त्या गंजक्या, चिखलानं माखलेल्या सळ्या बघून त्यांना राहवेना. बटण बंद करायचं त्यांनी सुनेकडून शिकून घेतलं होतं, ते केलं. सळ्या काढल्या आणि त्यांच्या जागी स्वयंपाकघरातली स्टीलची ताटं उभी केली. चकचकीत, न झिजणारी. बटण चालू केलं. बुडबुडे असे उसळले की बस!

वहिनी परत आल्या तेव्हा टबाभोवती घोळका होता. पाणी पिवळं झालं होतं. खरं सांगायचं तर दिसायला सुंदर होतं. "वहिनी, सोनं निघालं बघा तुमच्या टबातून!" शेजारीण म्हणाली. मिस्त्रीही कडेला उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काळजी दिसत होती.

वहिनींना मात्र ते पिवळं आवडलं नाही. लॉंड्रीत न सांगता बदललेला रंग कधीच शुभ नसायचा. त्यांनी आधी बटण बंद केलं, मग फोटो काढून वन्संना पाठवला. फोन लगेच वाजला.

"स्टील घातलंय का त्यात? वहिनी, हात घालू नका! स्टीलमध्ये क्रोम असतं, ते पाण्यात उतरलंय. विष आहे ते. मोरीत ओतू नका, झाडाला घालू नका, कोणाला जवळ येऊ देऊ नका!"

फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं. घोळका दोन पावलं मागे सरला.

"ताटं कोणी घातली?" वहिनींनी विचारलं.

मग सासूबाई पदराशी खेळत म्हणाल्या, "मी. ज्याच्या स्वतःच्या अंगावर गंज, तो दुसऱ्याचा गंज काय काढणार? मला वाटलं, चांगलं भांडं घालावं."

यात न पटण्यासारखं काय होतं? वहिनींनाही पहिल्या दिवशी असंच वाटलं होतं. सळीनं झिजायचं असतं म्हणूनच ती लोखंडाची हवी, हे वन्संनी सांगितलं तेव्हा त्यांना कळलं होतं, पण त्यांनी ते पुढे कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि मिस्त्रींना नेमकं हवं ते मिळालं. "घ्या! म्हणजे हिच्या टबातही विषच. आगीतून फुफाट्यात! मग माझ्या पिंपानं काय घोडं मारलं होतं? बेकरीवाल्यांना सांगतो, पैज इथंच संपली."

सगळे वहिनींकडे बघायला लागले. मिस्त्रींचं बोलणं खोटं नव्हतं. पैज हरली तरी चाललं असतं, पण हरून तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं, आणि तोंड बंद म्हणजे पिंप उघडं.

"हो, विषच आहे," त्या म्हणाल्या. "माझी चूक. मी आईंना कारण सांगितलं नाही. पण आज दुपारी विष झालं ते आज दुपारीच दिसलं आणि मी बटण बंद केलं. तुमच्या पिंपाला बटण आहे का? असेल तर दाखवा. मी आत्ता हरले म्हणते."

मिस्त्रींनी शेडकडे बघितलं. वेल्डर हळूच म्हणाला, "झाकणसुद्धा नाहीये धड."

"तू मशीन चालव," मिस्त्री त्याच्यावर खेकसले. पण पैज संपल्याचं पुन्हा काढलं नाही.

वहिनींनी मोठे हातमोजे चढवले, चष्मा लावला, पिवळं पाणी नरसाळ्यानं घट्ट झाकणाच्या डब्यात भरलं आणि डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: विष, हात लावू नका. टब धुतलेलं पाणीही त्याच डब्यात गेलं. ताटं स्वयंपाकघरात परत आली नाहीत. तीही डब्याशेजारी बांधून ठेवली गेली. "माझ्या लग्नातली होती," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्याच हातानं गेली," सून म्हणाली, आणि मग दोघींनाही हसू आलं. नव्या पाण्यात नवा सोडा पडला, सळ्या परत उभ्या राहिल्या, आणि यावेळी त्यांच्या राखणीला सासूबाईच स्टूल टाकून बसल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगायच्या, "लोखंडच हवं हो त्यात, स्टील नाही चालत. तुम्हाला माहीत नसेल."

* * *

मिस्त्रींनी आपली वाटी निकालाच्या दिवसापर्यंत हातात धरली नाही. पिंपाला एक तास पुरतो, त्याला कशाला घाई? त्या सकाळी ऍसिडवाला नवा कॅन देऊन गेला.

ऍसिडचा जोर मिस्त्री नाकानं ओळखायचे. हा त्यांचा लौकिक होता. कॅन उघडायचा, वर वाकायचं, एक हुंगणं घ्यायचं, आणि मग किती पाण्यात किती ओतायचं ते ठरवायचं. दुसऱ्या गॅरेजचे लोक त्यांना हुंगायला बोलवायचे. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. मिस्त्री वाकले, हुंगले आणि मान डोलावली, नेहमीसारखी. पण त्यांचं डोकं मागे गेलं नाही. पूर्वी जायचं. वहिनींच्या डोळ्यांत मात्र खिडकीशी उभं असूनही पाणी आलं, घसा खवखवला.

त्या गप्प राहिल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. उलट सगळं जमलंच असतं. परातीतलं पीठ तसंच सोडून त्या पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

"अहो, हे नेहमीपेक्षा तेज आहे. मला आत झोंबतंय. पाणी वाढवा, नाहीतर वाटी लवकर काढा."

मिस्त्री हसले. "घाबरलीस?"

"वाटी दुसऱ्याची आहे."

"इतकी वर्षं कोण हुंगतंय, तू की मी?"

वहिनी शेडच्या दारात उभ्या राहिल्या आणि परत गेल्या. याच्यापुढे सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं होतं. वाटी पिंपात गेली, तोंडाला बांधलेलं फडकं सोडून मिस्त्री गॅरेजमध्ये गेले, आणि नेहमीइतक्याच वेळानं परत आले.

दुपारी बेकरीवाला आला. गॅरेजच्या दारात लाकडी फळीवर दोन्ही वाट्या ठेवल्या होत्या. मिस्त्रींची उजवी, धुऊन घासून आरशासारखी चमकणारी. वहिनींची डावी, ब्रशनं घासलेली, उन्हात तापवून लगेच तेल लावलेली, काळसर करडी. बघणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. वहिनींनी हात पदराखाली घेतले. चमक बघून निकाल लागणार असेल तर तो लागल्यातच जमा होता.

बेकरीवाल्यानं आधी उजवी उचलली. "वा, मिस्त्री." फिरवून फिरवून बघितली. मग पाव भाजला गेलाय का बघावं तशी ती उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली.

"मिस्त्री," तो म्हणाला, "यातून मला समोरच्या दुकानाची पाटी वाचता येतेय."

वाटीच्या तळाशी सुईनं टोचल्यासारखी भोकं पडली होती. एक नाही, ढीगभर. कड तर कागदासारखी झाली होती. बोट लावलं तर वाकत होती. बेकरीवाल्यानं ती अलगद खाली ठेवली आणि डावी उचलून उजेडाकडे धरली. अंधार. सगळीकडून फिरवली. अंधारच. आतल्या कडेला कारखान्यात ठोकलेला एक बारीक बाण दिसत होता, ही बाजू वर लावा असं सांगणारा. इतकी वर्षं तो गंजाखाली होता.

"पंच काय बोलतात?" सासूबाईंनी दारातूनच विचारलं.

"पंच म्हणतात," बेकरीवाल्यानं वाटी छातीशी धरली, "वहिनी जिंकल्या."

वेल्डरनं पान्यानं रिकाम्या डब्यावर असा काही ठणाणा केला की रस्त्यावरची माणसं थांबली. शेजारणीनं वहिनींच्या पाठीत धपाटा घातला. सासूबाई म्हणाल्या, "मी पहिल्यापासून सांगत होते," आणि त्यांना टोकायची कोणाची छाती झाली नाही.

मिस्त्री मात्र उजवी वाटी हातात घेऊन उभेच होते. लोक पांगले तेव्हा ते स्वयंपाकघरात आले.

"मला खरंच कळलं नाही ते तेज आहे," ते म्हणाले. "वासच येत नाही मला."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"दूध करपलं तेव्हापासून."

"आणि तरी सकाळी सांगायला आलीस? पैज लागलेली असताना?"

"पैज पिंपाशी होती," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याशी नव्हती." आणि त्यांनी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला. "उद्या डॉक्टरकडे जायचंय. आता नाही म्हणायचं नाही, हरलाय तुम्ही."

"नाही म्हणतंय कोण?" मिस्त्री म्हणाले आणि खाली मान घालून चहा प्यायले.

* * *

पिंप गेलं तो दिवस त्या रस्त्याच्या अजून तोंडात आहे. अर्धवट उरलेला कॅन ऍसिडवाल्यानं परत नेला. पिंपातलं उरलेलं, मिस्त्रींनी वन्संना फोन करून विचारून, स्वतःच्या हातानं संपवलं: ऍसिडमध्ये पाणी नाही, पाण्यात ऍसिड ओतायचं, मोकळ्या अंगणात, आणि मग त्यात सोडा, चमचा चमचा. फेस उसळायचा, बसायचा, पुन्हा चमचा. भावाला बहिणीनं फोनवर झापलं, तेही त्यांनी ऐकून घेतलं. फेस यायचा थांबल्यावर खाली उरलेला गाळ, पिवळ्या पाण्याचा डबा आणि ती ताटं मुलामा देणाऱ्या कारखान्यांचा असला कचरा जिथं घेतात तिथं वेल्डर टेम्पोतून देऊन आला. मग मिस्त्रींनी रिकामं, धुतलेलं पिंप आडवं केलं आणि लाथेनं गडगडवत गॅरेजमधून, लोकांच्या मधून, रस्त्यावरच्या भंगारवाल्याच्या गाड्यापर्यंत नेलं. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांना वाटलं होतं आपण रडू, पण त्यांना हसूच आवरेना. त्या मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता हसल्या, आणि सासूबाईंनी सुनेचं असं हसणं पहिल्यांदाच ऐकलं.

उजव्या वाटीला वेल्डरनं आतून पातळ पत्र्याचं अस्तर डागलं. काम इतकं सुबक झालं की बेकरीवाल्यानं काही म्हटलं नाही. दुकान उघडलं त्या दिवशी पावाची गाडी दोन्ही दिवे लावून भर उन्हात रस्त्यावरून गेली आणि पुढच्या सीटवर, मालकाच्या शेजारी, वहिनी बसल्या होत्या. मिस्त्री मागे, पावाच्या फळ्यांमध्ये.

पुढे शेडमध्ये एकाचे तीन टब झाले. पुढची भिंत काढून टाकल्यामुळे वारा खेळायला लागला. दुसऱ्या गॅरेजचे लोक भाग घेऊन यायला लागले, आधी मिस्त्रींना विचारत, मग सरळ मागे. मिस्त्रींचा खोकला कमी झाला. नाक परत येईल की नाही याबद्दल डॉक्टर हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत, पण एका सकाळी ते शेगडीपाशी येऊन थबकले आणि म्हणाले, "कॉफी केलीयस?" कॉफीच होती. वहिनींनी तो आख्खा दिवस कोणाशी भांडण केलं नाही.

परवा एक मोटरसायकलवाला तावातावानं मागे आला. हातात काळाकुट्ट कार्बोरेटर.

"वहिनी, टबात टाका. संध्याकाळपर्यंत हवाय."

वहिनींनी तो हातात घेतला, नखानं कडेला ओरखडा काढला. खाली पांढरं चकाकलं. त्यांनी तो परत दिला.

"हा टबात नाही जायचा. ऍल्युमिनिअमचा आहे. संध्याकाळपर्यंत ठेवला तर संध्याकाळी तुम्हाला नुसतं पाणी देईन. घरी न्या, कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश, आणि थोडा धीर."

"पण मिस्त्री तर म्हणाले—"

"काय म्हणालो मी?" मिस्त्री गॅरेजमधून ओरडले. "मी म्हणालो, मागे विचारा. शेड त्यांची आहे. त्या नाही म्हणाल्या म्हणजे नाही."

मोटरसायकलवाला कार्बोरेटर पिशवीत कोंबत निघून गेला. वहिनींनी हातमोजे वर ओढले, चष्मा सारखा केला आणि रांगेकडे बघून हाक दिली, "पुढचं कोण?"